लोखंडाला गाडी लागत नाही

ट्रकच्या खाली ज्याचं आयुष्य गेलं त्याला दिवाळी अंकात लिहायला सांगायचं, म्हणजे संपादकांची कमालच आहे. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही बोलता तसंच लिहा. म्हटलं, मी बोलतो तसं छापलंत तर अंक कुणाला घरी नेता यायचा नाही. म्हणून थोडं आवरून लिहितोय.

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला, माझी कमानपाट्यांची शेड होती. ट्रकच्या चाकावर पोलादाचे वाकडे पट्टे एकावर एक रचून बांधलेले दिसतात ना, ते पाटे. चाक खड्ड्यात गेलं की दणका आधी पाट्याला बसतो. पाटा दबतो, परत उसळतो, आणि वरचा माल जागेवर राहतो. पाटा तुटला की ट्रक एका कुशीवर कलतो आणि ड्रायव्हर शिव्या घालत माझ्याकडे येतो. मग पाटा भट्टीत तापवायचा, वाकवायचा, तेलात बुडवून पाणी द्यायचं आणि परत बांधायचा. पाणी देणं हे सगळ्यात नाजूक काम. जास्त झालं तर पाटा काचेगत तडकतो, कमी झालं तर वाकून तसाच बसतो.

कळंबोलीतल्या प्रत्येक ट्रकमालकाची एकच मागणी, "जगताप, एक पाटा वाढवा." म्हणजे गाडी अजून कडक करा, अजून माल भरायचाय. नरम करून मागणारा क्वचितच. तळोज्याचा एक काचवाला तसा आला होता. काचा फुटतात, कमान नरम करा म्हणाला. करून दिली. पुढच्या आठवड्यात त्याच ट्रकमध्ये फरशी भरून हजर, ट्रक बसला म्हणून भांडायला. मी म्हटलं, "शेठ, काच भरायची का फरशी ते एकदा ठरवा. मी देव नाही." एका गाडीकडून दोन उलट गोष्टी मागायच्या नाहीत, हे मी तेव्हा त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. नंतर मलाच त्याच्या उलट करून दाखवावं लागलं, आणि ते करून दाखवलं याचा मला आजही माज आहे. तेच सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक्स्प्रेसवेची तेव्हा नुसती चर्चा होती. एका सकाळी एका टेम्पोला दोर बांधून ओढत आणलेली लँडमास्टर माझ्या दारात उभी राहिली. नव्या लोकांना माहीत नसेल, ही अँबेसिडरच्या आधीची गाडी, तिची थोरली बहीण म्हणा. गोल पाठीची, वर फिक्कट निळा रंग, तोही जागोजागी सोललेला. तिच्यामागून रिक्षातून साठीच्या एक बाई उतरल्या. माझ्या बाकड्यावर बसल्या आणि डोळे मिटले. मुठीत लिंबू होतं. आमचे ट्रकवाले बंपरला लिंबू-मिरची बांधतात, मला वाटलं गाडीसाठीच आणलंय.

जरा वेळाने डोळे उघडून त्या म्हणाल्या, "जगतापभाऊ तुमीच?"

"मीच. पण मी ट्रकचं काम करतो. कार माझ्याकडे येत नाही."

"वाशीच्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं, भंगारात द्या. तुमी तरी खाली घुसून बघा, मग नाय म्हना."

असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. खाली न घुसता नाही म्हणणारा मी माणूस नव्हे. पण आधी चहा मागवला आणि त्यांचं ऐकून घेतलं.

त्यांचे यजमान हसनचाचा श्रीवर्धनकडचे. सगळी उमर मालवाहू जहाजावर सुकाणू धरण्यात गेली. घरी यायच्या बेताला असताना जहाजाच्या शिडीवरून पडले, कण्याला मार बसला. चालता येत होतं, बसता येत होतं, पण गाडीने दणका दिला की पाठीत अशी कळ जायची की घाम फुटायचा. दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ वारला तेव्हा त्यांना अँब्युलन्समध्ये झोपवून गावी नेलं. सगळं गाव मयतीपेक्षा त्यांच्याकडेच वाकून बघत होतं.

"आता त्याच भावाच्या पोरीचं लगीन हाय," चाची म्हणाल्या. "बाप नाय, भाऊ नाय. आमच्यात पोरीचा वली लागतो, तोच नवऱ्या मुलाचा हात धरून पोरगी देतो. वली हे. दुसऱ्याला नेमता येतं, पन ह्यांना ते नको. म्हनतात, मी देनार, आनि गावात बसून जानार. झोपून नाय."

भाड्याची जीप करून बघितली होती. पेणपर्यंतही पोचली नाही, चाचांनी ओठ चावून चावून रक्त काढलं, तेव्हा चाचींनी जीप मागे फिरवली. ही लँडमास्टर घरचीच, रजेवर आले की चाचा स्वतः चालवायचे, आणि हिची सीट मात्र त्यांना सोसायची. उंच, सरळ, सोफ्यासारखी, पाठ ताठ राहायची. इंजिन धड होतं, उभी राहून बॅटरी बसली म्हणून ओढत आणली होती, फक्त गाडीची पुढची बाजू दगड झाली होती. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

मी गाडीखाली घुसलो. आमची पहिली परीक्षा साधी असते. बोनेट जोर लावून दाबायचं आणि सोडायचं. गाडी एकदा वर आली, एकदा खाली गेली आणि थांबली, तर ठीक. डोलत राहिली तर तिचं डोलणं आवरणारे शॉकअप मेलेत. ही गाडी खालीच जाईना. मी बोनेटवर चढून बसलो तरी ढिम्म.

या गाडीला पुढे पाटे नसतात. चाकापासून मागे जाणारी पोलादाची लांब सळी असते. चाक वर उचललं की सळीला पीळ बसतो, पीळ सुटला की चाक खाली येतं. ओली चादर पिळून सोडली की ती जशी उलगडते, तसंच. जोडीला जुन्या पद्धतीचे शॉकअप, तेलाच्या डबीतून एक दांडा बाहेर आलेला. कुणा पठ्ठ्याने गाडी उंच दिसावी म्हणून सळ्या अजून पिळून ठेवल्या होत्या, आणि शॉकअपच्या डबीत गिअरचं जाड तेल ओतलं होतं. हलणार काय, कपाळ.

आता करायचं काय, याच्यावर मला तीन दिशांनी सल्ले मिळाले. शेजारच्या शेडमध्ये बोनकोड्याचा दत्तू पाटील गॅसकटर चालवायचा. माझा जिवाभावाचा माणूस, पण त्याच्या हातात कटर असला की त्याला समोरचं सगळं कापण्यासारखंच दिसायचं. तो म्हणाला, "जगताप, आक्खा पुडचा भाग कापू. कॉन्टेसा गाडीचा आनू भंगारातून, स्प्रिंगवाला, आनि वेल्डिंग मारू. ग्लासातलं पानी पन हलनार नाय."

दुसरा सल्ला चाचांच्या जावयाचा, तो कुवेतला. फोन करून म्हणाला, मी इथून शर्यतीच्या गाडीचे शॉकअप पाठवतो, लाल रंगाचे, एक नंबर माल. तिसरा सल्ला माझ्या स्वतःच्या हाताचा, की एक पाटा वाढव. सवयच ती. पाटा नव्हता म्हणून बरं.

मी दोन दिवस नुसता विचार केला. दत्तूचं काम झकास झालं असतं, मी नाही म्हणत नाही. पण चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच, कापली की परत सरळ होईपर्यंत लग्न उरकून पोरगी माहेरपणाला आली असती. जावयाचे लाल शॉकअप म्हणजे शर्यतीत गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून केलेले, त्यांनी चाचांच्या पाठीचा भुगा केला असता. फोनवर मी जावयांना म्हटलं, "जावईबापू, तुमच्या सासऱ्यांना पहिलं यायचं नाहीये, पोचायचंय." ते हसले, पण माल पाठवला नाही, हे त्यांचं शहाणपण.

शेवटी ठरलं ते असं. सळ्या मूळच्याच ठेवायच्या, कारण मुळात त्या नरमच होत्या, फक्त जास्तीचा पीळ सोडायचा. जुन्या शॉकअपचं जाड तेल काढून त्याचा दांडा नुसता आधाराला ठेवायचा. आणि दणका जिरवायला दोन्ही चाकांना नळीसारखे नवे शॉकअप लावायचे, हलक्या गाडीचे, म्हणजे दाबाला मऊ. त्यासाठी चासीला दोन कान वेल्ड करायचे होते, ते दत्तूने केले. कापायला न मिळाल्याचं दुःख त्याने त्या वेल्डिंगवर काढलं, पण काम असं केलं की बघत राहावं. किंगपिन, बुश असले चाकाजवळचे झिजलेले सांधे नवे घातले, ग्रीस भरलं. बोनेट दाबलं. एकदा वर, एकदा खाली, थांबली.

मग मी ती कळंबोलीच्या रस्त्यांवर फिरवली. लोखंडाच्या ट्रेलरांनी ते रस्ते असे फोडले होते की तिथे पास झालेली गाडी कुठेही पास. मी खड्डे शोधून शोधून गाडी घातली. चहाचा कप समोर ठेवला होता, थोडा सांडला, कपडे वाचले.

वाशीला जाऊन दोघांना घेतलं. हसनचाचा उंच, पांढरी दाढी, कंबरेला पट्टा. ते पुढे बसले, चाची मागे. हायवेने निघालो. पहिला खड्डा आला तेव्हा चाचांनी दाराची मूठ गच्च धरली. गाडी खाली गेली, वर आली, पुढे निघाली. चाचा माझ्याकडे बघायला लागले. दुसरा खड्डा, तिसरा. त्यांनी मूठ सोडली.

"हे तर दर्यावर आल्यासारखं झालं," ते म्हणाले. "डोलू दे तिला, जगतापभाऊ. डोलन्याने पाठ दुखत नाय. आदळन्याने दुखते."

ते वाक्य ऐकून माझी छाती इतकी फुगली की शर्टाची बटणं तुटायची. चाचा खुशीत येऊन म्हणाले, जरा पारसिकच्या टेकडीवर चला, वरून खाडी बघू, किती दिवसांत बघितली नाय. गाडी वळवली. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी वळणावर एका अंगाला कलायची, मग दुसऱ्या. चाचा लहान पोरासारखे हसत होते. तिसऱ्या वळणावर मागून बारीक आवाज आला, "भाऊ, गाडी थांबवा."

चाची उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला त्यांनी पोटातलं सगळं काढलं. लिंबू हातात तसंच होतं. बंपरसाठी नव्हतंच ते. त्यांना गाडी लागायची, लग्न झाल्यापासून. नवरा जन्मभर समुद्रावर आणि बायकोला रिक्षासुद्धा लागते, असा तो संसार.

मी कपाळावर हात मारला. कळंबोलीचे रस्ते फुटलेले आहेत, पण रुळासारखे सरळ आहेत. वळण कुठं आहे तिथं? आणि गाडी कशी आहे हे मी जन्मभर ड्रायव्हरला विचारत आलो. मागे बसलेल्याला विचारायची मला सवयच नव्हती. माझ्या गाडीत मागे लोखंड असायचं, आणि लोखंडाला गाडी लागत नाही.

चाची पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "माझं काय घेऊन बसलात. गाडी झकास झाली. तुमी ह्यांना घेऊन जावा, मी मागून एसटीने येते."

त्यांच्या गावाकडे जाताना म्हसळ्याच्या पुढे रस्ता नुसता वळत जातो. एसटीतही त्यांचे हालच होणार होते, आणि हे त्यांना माहीत होतं. चाचा खाडीकडे बघत होते. त्यांची सगळी खुशी गेली होती. म्हणाले, "त्या पोरीला हिने न्हाऊमाखू घालून वाढवली. ही मागे, आनि मी पुढे बसून गावात शिरू? मग अँब्युलन्स काय वाईट?"

रात्री झोप आली नाही असं लिहायची पद्धत आहे. मला आली. पण सकाळी उठल्यापासून डोक्यात तेच. नवऱ्याला नरम पाहिजे, बायकोला कडक पाहिजे, आणि गाडी एक. काचवाल्याला मी हसलो होतो, तो मला आता कुठूनतरी हसत होता.

उत्तर माझ्याच धंद्यात होतं. दोन्ही पुढची चाकं एका आडव्या पोलादी दांड्याने एकमेकांना जोडायची. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर दांडा नुसता जागच्या जागी फिरतो, काही अडवत नाही, गाडी नरमच राहते. पण वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की एक चाक वर जातं, एक खाली, मग दांड्याला पीळ पडतो आणि तो गाडीला आवरून धरतो. नव्या गाड्यांना तो असायचा. या गाडीच्या मापाचा बाजारात मिळाला नाही. पण अख्खा लोखंड बाजार माझ्या दारात, भट्टी माझी, आणि पोलादाला पाणी द्यायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

स्प्रिंगचं पोलाद आणलं, जाड, मनासारखं. तापवून दोन्ही टोकं वाकवली, दांडा तेलात सोडला, तो धरायला दत्तूने ब्रॅकेट केली. दत्तू म्हणाला, "हे तुझं डोकं कदी कदी चालतं, जगताप." त्याच्या तोंडून ही फार मोठी शाबासकी होती.

परत टेकडी. वळणावर गाडी ताठ. खाली उतरून मी विचारलं, "काय चाची?"

"बरंय. पन आधीची नरमच ठेवा. ह्यांना बरी होती."

"चाचा?"

"मला काय होत नाय. तिचं पोट बघा."

दोघंही सरळ खोटं बोलत होते. चाचांच्या कपाळावर घाम होता. कारण जाड दांड्याची एक खोड असते, एकच चाक खड्ड्यात गेलं तरी तो दुसऱ्याला ओढतो, दणका वर येतो. चाचा ते गिळत होते बायकोसाठी, आणि बायको नवऱ्यासाठी आपलं पोट पणाला लावायला तयार. असं गिऱ्हाईक असल्यावर मिस्त्रीने काय करावं?

मी तोंडांना विचारणं बंद केलं. दुसरा दांडा केला, बारीक. मग तिसरा, दोघांच्या मधला. प्रत्येक वेळी दोघांना गाडीत घालून टेकडी आणि खड्डे दोन्ही फिरवले, आणि ताकीद दिली की कुणी एक शब्द बोलायचा नाही. मी फक्त हात बघायचो. चाचांचा हात दाराच्या मुठीवर, तो बाजूला दिसायचा. चाचींचा लिंबावर, तो आरशात. बारीक दांड्याला चाचांचा हात सैल, पण चाचींच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली. तिसऱ्या दांड्याला आम्ही टेकडी चढलो, उतरलो, हायवेच्या खड्ड्यांतून गेलो. चाचांचा हात मांडीवर पडला होता. आरशात बघितलं, तर लिंबू सीटवर गडगडत होतं आणि चाची खिडकीतून बाहेर बघत होत्या. शेडवर येऊन नट कायमचे आवळले.

लग्नाला गाडी मीच चालवत नेली. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. पनवेल, पेण, कोलाड, माणगाव. गोवा हायवे म्हणजे तेव्हा खड्ड्यांची माळ. चाचा पुढे ताठ बसलेले, मधेच जहाजावरचं काहीतरी सांगायचे. म्हसळा मागे पडलं आणि वळणं सुरू झाली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. आरशात बघायचा मला धीर होईना.

अर्ध्या घाटात मागून आवाज आला, "भाऊ, गाडी थांबवा."

गाडी झाडाखाली घेतली. चाचांनी डोळे मिटले. मी उतरून मागचं दार उघडलं. चाची जागेवरच बसून होत्या, पायाशी ठेवलेली पिशवी ओढत होत्या.

"भूक लागली," त्या म्हणाल्या.

चाचा मान वळवून बघतच राहिले. लग्नाला चाळीसएक वर्षं झालेली, पण गाडीत बसलेल्या बायकोला काही खाताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. तिथंच झाडाखाली डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि अंडी. चाचींनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, अगदी सावकाश, आणि तिसरी अर्धी मला दिली. मी गाडीच्या पुढच्या चाकाशी बसून ती खाल्ली आणि तोंड फिरवून घेतलं, कारण माझे डोळे भरले होते आणि चाचांना ते दिसू द्यायचे नव्हते. तिकडे त्यांचीही तीच गत होती.

गाव दिसायला लागलं तेव्हा चाचा म्हणाले, "जगतापभाऊ, आता मी घेतो."

मी म्हटलं, "पाठ?"

"शेवटचं बंदर सुकानीच लावतो."

मी मागे गेलो, चाची पुढे आल्या. हसनचाचा आपल्या लँडमास्टरचं स्टीअरिंग धरून, बायकोला शेजारी बसवून, मशिदीसमोरून हळूहळू गावात शिरले. ओट्यावरची माणसं उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी अँब्युलन्समध्ये डोकावून बघितलं होतं, तीच असावीत. कुणी डोकावायची गरज नव्हती, दोघंही काचेतून ताठ दिसत होते. लग्नघराच्या दारात पोरगी धावत आली आणि दार उघडून आधी चाचींच्या गळ्यात पडली.

संध्याकाळी निकाहाच्या वेळी मला पुढे बसवलं. चाचांनी खुर्चीवर बसून नवऱ्या मुलाचा हात आपल्या हातात घेतला. काजी सांगत गेले तसे ते बोलत गेले. मला त्यातलं सगळं कळलं नाही, पण आवाज कुठे थरथरला नाही. शेवटी त्यांनी त्या मुलाचा हात एकदा दाबला आणि सोडला.

पुढे किती ट्रक केले, मोजदाद नाही. लँडमास्टर मात्र परत एकही आली नाही, याची मला हळहळ आहे. एवढी विद्या एका गाडीपुरती कमावली आणि तशीच राहिली. आता शेडच्या जागी गोदाम आहे, दत्तू नातवंडं खेळवतो, भेटला की अजून म्हणतो, कापली असती तर अजून चांगली झाली असती.

लग्नाच्या त्या रात्री जेवण झाल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. चाची आतून स्टीलचा एक पेला घेऊन आल्या. सरबत होतं, थंडगार.

"त्याच लिंबाचं केलं," त्या म्हणाल्या. "गाडीत घेतलं होतं, लागलंच नाय."